कपाटाच्या किल्लीनं चालणारी स्कूटी

सोमवार, ३ नोव्हेंबर
मेले गं बाई! स्कूटीतलं पेट्रोल कमी होतंय, हे ह्यांना कळलं. लॉक इतकं झिजलंय की माझ्या कपाटाच्या किल्लीनंही गाडी चालू होते. महिना झाला — हे जेवून लवंडले की मी कालव्याच्या पाटापर्यंत चक्कर मारून येते. गुपचूप! साठीला शिकतेय म्हटलं तर हसतील. आता एकदाच एकटीनं पुणतांब्याला जायचंय, थोरल्या बहिणीच्या, केशरअक्काच्या दारात हॉर्न वाजवायचाय. बस्स.

आणि हे म्हणाले, "चोर दुपारचा येतोय. लॉकच बदलतो."

मंगळवार, ४
श्रीरामपूरहून नवं लॉक आणलं. किल्ल्या दोनच. दोन्ही ह्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

बुधवार, ५
मेकॅनिक कशाला, तीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो, म्हणे. अंगणात गोणपाट अंथरलं, बॅटरीची वायर सोडवली, पुढचं कव्हर काढलं. मी मोबाईलचा उजेड धरून उभी. चोरानंच कुलपावर उजेड धरायचा!

जुनं लॉक निघालं आणि मला रडूच आलं. धूळ गेली डोळ्यात, म्हटलं.

नवं बसलं. दोन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देते, असं ह्यांचं म्हणणं.

गाडीला नवं काही लागलं की आमच्यात हळदकुंकू वाहतातच. मी वाहिलं. अक्षता जरा जास्तच पडल्या — थेट किल्लीच्या भोकात. देवाशपथ, अर्ध्या चुकून.

गुरुवार, ६
किल्ली आत जाईना. हे सकाळपासून सुईनं तांदूळ उकरतायत. भात टाकायचा धीर झाला नाही. भाकरीच केली.

शुक्रवार, ७
लॉक फिरलं. दुपारी मी पाटाकडं पायीच गेले. अर्ध्यातून परतले.

शनिवार, ८
कपाट उघडायला गेले तर माझ्या जुडग्यात स्कूटीची नवी किल्ली! ह्यांच्याकडं बघितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जुनं लॉक लई सैल हुतं. चालत्या गाडीतनं किल्ली गळून तू पडली असतीस, विमल. अन् पाटाच्या वळणावर पाय खाली घासत नेऊ नको."

म्हणजे हे झोपतच नव्हते!

रविवार, ९
एकटी गेले. पुणतांबा! अक्काच्या दारात ऐटीत हॉर्न दाबला — वाजेना. ते दोन स्क्रू हॉर्नचे होते. मग मीच ओरडले, "अक्का, बाहेर ये! मी आलेय, गाडी घेऊन!"