सोमवारपर्यंतचा आवाज

तीर्थरूप दादांस,

उरलासुरला सगळा आवाज गोळा करून नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि दुकानात दुरुस्तीला आलेली घड्याळं, सगळ्यांची प्रकृती बरी असावी. माझी नाही. माझ्या स्वरयंत्रात गाठ आहे, ती चांगल्या वळणाची नाही, आणि सोमवारी स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरतंय. चाळीस वर्षं कामगारांच्या सभा पेटवणारा हा गळा! मालकांना, सरकारला जे जमलं नाही ते एक डॉक्टर भूल देऊन करणार. (तेही माझी लेखी संमती घेऊन. एवढी लोकशाही मी आयुष्यात पाहिली नव्हती.)

तोवर बोलायला बंदी. हिनं हातात पाटी दिली, पण पाटीवर आवेश येत नाही, खडू मोडतो. शेवटी लेकीनं फोन पुढ्यात ठेवला. "बाबा, आता जरा दुसऱ्यांचं ऐका." मी जुनी भाषणं शोधायला गेलो, बोट भलतीकडे पडलं आणि कुठल्याशा जुन्या काळातली जॅझची मैफल सुरू झाली. चित्र काळंपांढरं, ट्रम्पेटवाला घामानं निथळलेला, गाल असे फुगलेले की आता फुटतात की मग! दादा, तो माणूस एक शब्द न उच्चारता भांडत होता. ज्यासाठी मी शब्दांचे डोंगर रचले, ते तो नुसत्या फुंकरीनं मागत होता, आणि समोरचे देत होते. त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ तेच बघतोय. (हिचं मत: "गळा तुमचा गेला, कान माझे चाललेत.")

मंगळवारी घात झाला. ट्रम्पेटवाला ऐन रंगात आणि मध्येच खोकल्याच्या गोळ्यांची जाहिरात घुसली. भर सभेत कुणी मध्ये तोंड घातलं की मी काय करतो ते तुम्ही जाणताच. ताडकन उठलो, बोट रोखलं आणि फोनवर गरजलो, "खाली बसा!" जाहिरातीतली बाई बसली नाही. मीच बसलो, तोंडाला रुमाल लावून. रुमाल लाल झाला. पुढच्या महिन्यातली शस्त्रक्रिया या सोमवारवर आली. दोन शब्दांत तीन आठवडे गेले; इतकं महागडं भाषण मी कधी केलं नव्हतं.

सही अजून केलेली नाही. डॉक्टर म्हणतात, नाही केली तर फार तर सहा महिने. मी पाटीवर लिहिलं, "सहा महिने, पण आवाजासकट!" हिनं ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

तुमचा धाकटा

ता. क. काल एक सॅक्सोफोनवाला पाहिला. पियानोवाला वाजवत होता आणि हा बाजूला उभा. वाद्य गळ्यात लटकतंय, डोळे मिटलेले. आठ मिनिटं! एकदाही मध्ये फुंकर घातली नाही. मला आपल्या बाबांची शोकसभा आठवली. मी पन्नास मिनिटं बोललो. तुम्ही हातात कागद घेऊन कडेला उभे होतात. मग वेळ संपली म्हणून सभागृहवाल्यानं दिवे घालवले. तो कागद ठेवला असेल तर रविवारी घेऊन या आणि मला वाचून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही. संपल्यावर एकदाच "दादा" म्हणेन; सोमवारनंतर ते जमायचं नाही. मग सही करतो.

ता. ता. क. कागद लहान असला तर सावकाश वाचा. मला घाई नाही.