जुन्या वडीची चकती

कोपरखैरणे,
१२ जानेवारी १९९६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

सोबत दाढीच्या साबणाची लहानशी गोल वडी पाठवतेय. बाजारातली नव्हे, तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात मी स्वतः बनवलेली. आजवर प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे साबण तपासत आले, हा पहिला माझा. साहेबांचं म्हणणं, आता लोक डब्यातून फुसकन येणारा फेस वापरणार, वडीवर ब्रश कोण घासत बसणार? माझी वडी बाजारात काढायची की नाही, ते मार्चअखेर ठरवणार आहेत.

तुम्ही डेपोत जायच्या आधी पडवीत दाढीला बसायचात आणि माझ्या नाकाला फेस लावायचात. तो चंदनाचा वास मला जसाच्या तसा आणायचा होता. आशुतोष रोज वाहवा करतो, पण नवऱ्याचं मत काय धरायचं? तुम्ही खरं ते कळवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू द्या.
तुमची वैजू

देवरूख,
२५ जानेवारी १९९६

चि. सौ. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

वडी पोचली. फेस दाट, गालावर बसून राहतो. वास तर हुबेहूब आपल्या नेहमीच्या साबणाचा, शोधूनही फरक सापडत नाही. रीतीप्रमाणे जुन्या वडीची उरलेली चकती तुझ्या वडीवर चिकटवून घेतली. माझे वडीलही तसंच करायचे, साबण वाया जाऊ द्यायचे नाहीत. साहेबांना खुशाल सांग, एस.टी.च्या निवृत्त कंट्रोलरने पास केलं आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. प्रकृतीला जप.
तुझे बाबा

कोपरखैरणे,
४ फेब्रुवारी १९९६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

बाबा, घात केलात. तुम्ही जुन्याच साबणाने दाढी केलीत, माझी वडी बिचारी खाली दबून राहिली. मी मात्र तुमचं पत्र साहेबांना मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. चकतीचं वाक्य वाचताना जीभ अडखळली. शेवटी मीच म्हटलं, हे मत धरू नका. साहेब हसले. घरी येऊन मला रडू आलं.

ती चकती काढा आणि पुन्हा दाढी करा. वाईट असेल तर वाईटच लिहा. रागावले आहे, तरी माया तेवढीच.
तुमची वैजू

देवरूख,
१६ मार्च १९९६

चि. सौ. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

हात सवयीने चालला, चूक माझी. चकती सुरीने काढली आणि तेव्हापासून फक्त तुझ्याच साबणाने दाढी करतो आहे. फेस जुन्यापेक्षा सरस. पातं गालावरून कधी सरकलं ते कळतही नाही.

वास मात्र आपल्या साबणाचा नाही. चंदन आहे, पण मागून लिंबाच्या पानासारखं काहीतरी ताजं येतं. आधी खटकलं. मग एके सकाळी तुझी आई म्हणाली, आज स्वारी कुठे निघाली? वैजू, तुला माझा साबण करायचा होता, तो जमला नाही. तू तुझा केलास आणि तो मला जास्त आवडला. मी तोंडावर कौतुक करणारा माणूस नाही हे तू जाणतेस, पण तुझ्या साबणाची डबी घेऊन डेपोत गेलो आणि ड्रायव्हर-कंडक्टरांना हुंगायला लावली. सगळ्यांना सांगितलं, माझ्या मुलीने केलाय. फार अभिमान वाटला.

हे पत्र साहेबांना न अडखळता वाचून दाखव. तुझी वडी झिजून आता चकती उरली आहे. ती दुसऱ्या कुणाच्या वडीवर चिकटवायची नाही असं मी ठरवलं आहे. कारखान्यातून तुझी नवी वडी येईपर्यंत दाढी वाढवून बसतो.

सुखी राहा.
तुझे बाबा