दहा लाख नऊची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, घड्याळजींची थोरली मुलगी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी उणे पाचावर पोहोचले तेव्हा त्यांनीच हात जोडले.

१. राहत्या दोन खोल्या भाचीला. खिडकीची कडी ढिली आहे. ती सुताराकडून बसवून घ्यावी, जावईबापूंनी हात लावू नये.

२. पुस्तके व भूमितीची लाकडी पेटी शाळेला. सोबत एक दुरुस्ती. १०,००,००९ ही मूळ संख्या आहे, असे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले. ती मूळ नाही. २९३ गुणिले ३४१३. यावरून ज्यांचे गुण कापले त्यांची मी माफी मागते.

३. वडिलांचे खिशातले घड्याळ धाकट्या बहिणीला. कारण लिहिणे भाग आहे.

मी पंधरा वर्षांची, ती अकरा. बाबा म्हणाले, "दहा लाख नऊ. फुटते का सांगा. बरोबर सांगेल तिला हे घड्याळ." हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या आहेत, त्यापुढे जायची गरज नसते. मी आठ दिवसांत तेवढे भागाकार केले आणि सांगितले, फुटत नाही. बाबांनी वही चाळली, घड्याळ माझ्या हातावर ठेवले. छप्पन्न वर्षे मी ते मिरवले, तिच्यासमोर जरा जास्तच.

मागच्या महिन्यात तिला तेच पुन्हा ऐकवले, तर ती बटण शिवता शिवता म्हणाली, "ताई, दोनशे त्र्याण्णवने भाग जातो गं तिला. शेवटी नऊ खाली घ्यायचा, तू शून्य घेतलास. मी तेव्हाच बाबांना दाखवलं होतं."

"मग?"

"म्हणाले, ताईला सांगू नकोस. किती खपून केलंय तिनं. आपल्या दोघांत राहू दे."

आपल्या दोघांत! म्हणजे घड्याळ मला मिळाले आणि बाबा तिला. मी जळते आहे, हे साक्षीदारांसमक्ष नमूद करते. मी घड्याळाला किल्ली देत असताना ते दोघे एकमेकांकडे बघत असतील, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

४. चिडून मी ती संख्या पुन्हा हाती घेतली. हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग म्हणजे ती, हे कोणीही सांगेल. पण आणखी एका जोडीच्या वर्गांची बेरीजही तीच येते, आणि विषम संख्येला अशी दुसरी जोडी सापडली की एकही भागाकार न करता ती फुटते हे सिद्ध होते. ती जोडी मला सापडली. बाबांना ती ठाऊक नव्हती, हे बहिणीला आडून विचारून खात्री केली आहे. जोडी बंद पाकिटात आहे. पाकीट बहिणीलाच द्यावे आणि तिने ते कोणाला दाखवू नये. हे आम्हा दोघींत राहील. बाबांना कळणार नाही.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक: २९/३. तारीख वकिलांनी घातली. मी ती दोनदा वाचली आणि सही केली.

(सही) ताई