पिशवीत घालायचे नऊ सेकंद

साखळी,
१४ ऑक्टोबर २०१९

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं तर दमले आहे. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात आणि जेवण उभ्याउभ्याच होतं. काल शेजारच्या सुलोचनाकाकूंनी खतखतं पाठवलं, तेवढं बसून जेवले. पत्र बघून घाबरू नका. फोनवर तुम्ही "जेवलंस गो?" विचारता आणि माझं मुद्द्याचं राहून जातं.

पाकिटं भरणारी तारा सांगत होती, तुम्ही पुढच्या गुरुवारी म्हापशाला डोळे दाखवायला जाणार. कॉम्प्युटरवर चादर घालून ठेवलीत. "म्हाका आतां दिसना, हें काम नाका," म्हणालात म्हणे.

दुकानाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, नाहीतर मला पुढचं लिहिता येणार नाही. आई गेल्यावर आपण इंटरनेटवर काजू विकायला लागलो, तेव्हा तुमची एकच अट होती: "डबो उघडून पळयल्याबगर गिरायकाक हय म्हणचें न्हय." उघडून न पाहिलेलं काही विकायचं नाही, म्हणून मी साइटच तशी बांधली. तुम्ही सकाळी डबे उघडून, चव घेऊन, कुठला माल किती विकायचा ते आकडे कॉम्प्युटरवर भरायचे. गिऱ्हाइकाने 'पिशवीत घाला' दाबलं की साइट पार्सेच्या घरातल्या तुमच्या कॉम्प्युटरला विचारून यायची. तिथली लाइन कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. नऊ सेकंद नुसतं चक्र फिरायचं. तेवढ्यात पुण्यामुंबईची माणसं कंटाळून दुसरीकडे जायची.

जूनमध्ये ते नऊ सेकंद एकाच्याही आत आले. तुम्ही खूश होऊन फोन केलात, "हांव आतां बेगीन आंकडे घालतां न्ही, म्हणून." तुम्ही आकडे लवकर भरता म्हणूनच, असं मीही म्हटलं.

बाबा, ते तुमच्यामुळे नव्हतं. मी साइटचं विचारणंच बंद केलं. आता तारा संध्याकाळी भरलेली पाकिटं मोजून मला मोबाइलवर कळवते आणि तोच आकडा चालतो. तुम्ही भरता तो आकडा कुठेच जात नाही. चार महिने झाले.

गेल्या महिन्यात मसाला काजूच्या डब्यापुढे तुम्ही शून्य घातलं, कारण काजू मऊ पडले होते. तरी अकरा जणांना तेच गेले, तक्रारी आल्या, आणि तुम्ही मला म्हणालात, "चूक माजीच गो. शून्य घालूंक विसरलों आसतलों." मी गप्प बसले. काल तुमच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी इथून उघडून पाहिल्या. त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला तुम्ही शून्य घातलेलं आहे. ते वाचणारं कुणी नव्हतं.

अजून एक लिहायचं आहे, आणि तेच लिहायला तीन कागद फाडले. तुमचे आकडे रोज सकाळी एकदाच उचलून साइटवर ठेवले असते, तर वेगही राहिला असता आणि तुमची अटही. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मला ते जूनमध्येच सुचलं होतं. केलं नाही. तुम्ही जरा शंका आली की शून्य घालायचात, ऑर्डरी हातच्या जायच्या, आणि मला रोज तुमच्याशी हुज्जत घालायचा कंटाळा आला होता. वेगाचं निमित्त मिळालं आणि मी तुम्हाला बाजूला केलं. त्याची मला फार लाज वाटते.

ते काम आज दुपारी करून टाकलं. तुम्ही चादर काढाल की नाही, माहीत नाही. काढा म्हणून सांगायचं तोंड मला नाही. म्हापशाला जरूर जा, या वयात डोळे दाखवलेले बरे. पण डॉक्टरांना त्या शून्याची गोष्ट सांगू नका. तुम्हाला नीट दिसलं होतं आणि तुम्ही नीट घातलं होतं.

माझ्यावर रागवा. फोन उचलला नाहीत तरी मी समजेन. फक्त ती चूक स्वतःकडे ठेवू नका, मला परत द्या.

जिची ती आहे, ती तुमची
गौरवी