ओवीतलं नाव

हैदराबाद

ताडकळसच्या धुरपताअक्काला धाकट्या बायनाचा नमस्कार.

मी बरी आहे. वकिलांच्या घरी स्वयंपाक करते, माणसं चांगली आहेत. काळजी करू नको. तुझा गुडघा कसा आहे?

परवा वकीलबाईंनी मला रेडिओवर जात्यावरच्या ओव्या म्हणायला नेलं. मी म्हटलं, "दाणे जात्याच्या मुखी, साय भुजंगाच्या मुखी." तिथल्या साहेबांनी मधेच थांबवलं.

"बाई, भुजंग कोण?"

"माझा लेक हाय. पटकीनं गेला."

ते हळहळले. मग म्हणाले, "नाव तेवढं गाळा. रेडिओ साऱ्या मुलखाचा आहे. शेतकरी, व्यापारी, हिंदू, मुसलमान, सगळ्यांना तो आपला वाटला पाहिजे. एकाच्या घरचं त्यात बसत नाही."

त्यांचं खरंच असेल. मी भुजंगाच्या जागी बाळ म्हटलं. ऐकणारे म्हणाले, लय गोड गायली.

अक्का, तेव्हापासून कशातच जीव लागत नाही. भुजंगाचं ना लगीन झालं, ना लेकरू. त्याचं नाव ओवीतच उरलं होतं. आता इथं दळायला बसले तरी तोंडात बाळच येतं.

तू दळताना त्याचं नाव घेतेस का? घेत नसलीस तरी घेते असंच कळव.

तुझ्या पाठची,
बायना