नवव्या सीझनमधलं हसू

ताई,

लॅबला निघालोय. जुनं सामान नेणारा अकराला येईल, त्याला आईची खुर्ची देऊ नकोस. द्यायचा हट्ट माझाच होता, माहीत आहे.

आपल्या विनोदी मालिकेचा नववा सीझन आई गेल्यावर निघाला, त्याची डीव्हीडी सकाळी लावली. प्रत्येक विनोदाच्या आधीच कोणीतरी हसत होतं, आई पुढचं ओळखून हसायची ना, अगदी तसं. मालिकेतले प्रेक्षक असतील म्हणून आवाज बंद केला आणि सबटायटल्स वाचत बसलो. हसू थांबलं नाही. तीनदा तपासलं. दर वेळी विनोदाच्या दोन सेकंद आधी, खुर्चीच्याच बाजूने.

हस मला हवं तर, पण डिस्क काढू नकोस. चौथा भाग अर्धाच झालाय, आणि तिला अर्धवट सोडलेलं चालत नाही.

– धाकटा