अकरा चादरी

प्रिय सुतळी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. माझे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण ते शाळेतही कुरकुरायचे. तू लांब टांगा टाकत पुढे निघून जायचीस आणि मी बुटकी दोघींची दप्तरं घेऊन मागून धापा टाकत यायचे. फोनवर तू मला धड बोलूच देत नाहीस. मधेच काहीतरी बोलून हसवतेस आणि जे सांगायचं असतं ते राहून जातं. दोन वर्षं असंच राहून गेलंय. निदान कागदावर तरी मला कुणी अडवणार नाही.

बातमी अशी, की तुझं माहेरचं घर येत्या शुक्रवारी रिकामं होतंय. परगावी असलेल्या तुझ्या दादाला तिकडेच कायमची नोकरी मिळाली, वहिनी एकटीच सामान बांधतेय. तिनं तुला दोन पत्रं पाठवली आणि तू एकही फोडलं नाहीस, हे तूच मला सांगितलंस, तेही तोऱ्यात. तुझ्या अप्पांना जाऊन दीड वर्ष झालं. शुक्रवारनंतर तुम्हा दोघींना समोरासमोर यायला काही निमित्तच उरणार नाही. हे मला बघवत नाही. का बघवत नाही ते सांगते, पण जरा माझ्या पद्धतीनं सांगू दे. सरळ मुद्द्यावर येणारी बाई असते तर हे पत्र केव्हाच लिहिलं असतं.

साथीच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात तू इथे नव्हतीस. आरोग्य केंद्रानं चौकात एक फळा लावला होता, आपल्या भागात आजारी किती ते रोज सकाळी त्यावर लिहायचे. पहिल्यांदा आकडा चार होता. चार होता तेव्हा आपल्या गल्लीसारखी गल्ली नव्हती गं! कोण डबे पोचवतंय, कोण औषधं आणून देतंय, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर नुसतं एकमेकांचं कौतुक. मग एकोणीस झाले. मग एका सोमवारी एकेचाळीस. त्या दिवशी सगळ्यांचे चेहरेच बदलले. बेकरीवाला भट्टीतल्या लांब दांड्याच्या फावड्यावर पाव ठेवून गिऱ्हाइकापुढे सरकवायला लागला. कुणाला खोकला आला की आधी घरातला नळ सोडायचे, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको. आणि समोरचे निवृत्त कारकून, ज्यांना आपण हजेरीमास्तर म्हणायचो, ते वही घेऊन गॅलरीत बसायला लागले, कोण बाहेर पडलं, कोणाची खिडकी बंद आहे, सगळं टिपून ठेवायचे. मी त्यांना हसायचे. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी त्यांची वही वाचायलाही जायचे.

त्याच दिवसांत वहिनी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, माझ्या लाँड्रीत एक गाठोडं घेऊन येऊ लागली. तुझ्या आईच्या त्या निळ्या फुलांच्या पलंगपोसात बांधलेलं. आत चादरी. आधी खळबळून पिळलेल्या, ओल्या, आणि जंतुनाशकाचा वास मारणाऱ्या. हे तुला माहीत नव्हतं ना? अप्पांनाही नव्हतं. त्यांना वाटायचं, ती घरीच धुते. घरी धुतल्या तर गॅलरीत वाळत घालाव्या लागल्या असत्या आणि सगळ्या गल्लीनं मोजल्या असत्या, म्हणून ती माझ्याकडे यायची. मला म्हणाली, "ताई, तेवढं आपल्यातच राहू द्या." मी म्हटलं, "अगं, हे काय सांगणं झालं?" एका आठवड्यात अकरा चादरी झाल्या. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे धुतेय मी. कॉलर बघून सांगते कोणाची नोकरी सुटली, उशीचा अभ्रा बघून सांगते कोण रडतंय. म्हटलं, रोजच्या रोज चादरी आणि त्यावर हा वास, म्हणजे घरात ताप आहे आणि हे लपवतायत. विचारायचं सुचलं नाही. आपल्याला सगळं कळतं ही घमेंड फार वाईट गं.

एकेचाळीसच्या दुसऱ्या दिवशी सात-आठ जण माझ्या दुकानापुढे आले. दहा घरांचे कपडे एकाच हौदात भिजतात, लाँड्री बंद करा म्हणाले. हजेरीमास्तर पुढे. दुकान गेलं तर मी कोण? मी तावातावानं सांगायला लागले, की मी सगळं वेगळं उकळते, मला न सांगता कळतं कोणत्या घरात काय आहे. मास्तर म्हणाले, "असं? मग सांगा बघू, कोणत्या घरात काय आहे?" आणि मी बोलून गेले, "एका घरातून आठवड्यात अकरा चादरी आल्यात, त्या मी वेगळ्या भांड्यात उकळल्या." नाव नाही घेतलं. पण माझी नजर फळीवरच्या त्या निळ्या गाठोड्याकडे गेली, आणि तो पलंगपोस गल्लीत कोणाला ओळखू येत नाही? ती नजर आपसूक गेली असं मी दोन वर्षं स्वतःला समजावतेय. नाही सुतळी. मी मुद्दाम बघितलं. त्यांनी माझ्या दारातून हलावं म्हणून बघितलं.

ते हलले. सरळ तुमच्या जिन्यावर गेले. पुढचं तुला अप्पांनी फोनवर सांगितलं, पण त्यांनी बिछान्यातून जेवढं ऐकलं तेवढंच. मी समोर, माझ्या दारात उभी होते. कुणीतरी आधीच आरोग्य केंद्राची गाडी बोलावली होती, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर गेली. वहिनी दार अडवून उभी. ती सांगत होती ताप नाही, खोकला नाही, हवं तर इथेच तपासा. मास्तर ओरडले, "मग अकरा चादरी कशाला लागतात?" त्यावर तिनं तिथून माझ्याकडे बघितलं. मग दोन माणसं तिच्या अंगावरून आत जायला लागली तेव्हा ती ओरडली, की अप्पांना लघवी आवरत नाही, अर्धांगाचा झटका आल्यापासून आवरत नाही, आता तरी जा. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आयुष्यभर मुलांची कवायत घेतलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटशिवाय दारात न येणारा माणूस आतल्या खोलीत पडून ते ऐकत होता. लोक माना खाली घालून उतरले, गाडी रिकामी गेली. मीही दाराआड झाले. आणि आठ दिवसांनी मास्तरच आजारी पडले, तेव्हा त्यांच्या उंबऱ्याशी रोज डबा ठेवणारी तुझी वहिनीच होती. बाकी कोणी गेलं नाही. मीही नाही.

अप्पा त्यानंतर शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या हातचं खायचे, तिच्याकडून अंग पुसून घ्यायचे, पण शब्द नाही. घरातलंच माणूस फुटलं, असं ते तुला म्हणाले. तू रात्रभर रडलीस आणि सकाळी मला फोन करून म्हणालीस, "बुटके, चादरी मोजणारी घरात ती एकटीच ना? तिनंच बाहेर सांगितलं आणि वर जिन्यात तमाशा केला." त्यावर मी काय म्हटलं, आठवतं? मी म्हटलं, "हं." एवढंच. गाठोड्याकडे बघितलं त्याची लाज वाटते, पण भीतीनं माणूस काहीही करतं असं म्हणून ती गिळता येते. या 'हं'ची गिळता येत नाही. तेव्हा मला कोणाची भीती नव्हती. तू माझ्यावर रागावू नयेस, एवढंच हवं होतं.

काल वहिनी राहिलेले कपडे न्यायला आली होती. त्या दिवसानंतर तिनं माझ्याकडे एकही चादर दिली नाही, शर्ट-साड्या मात्र देत राहिली, हसून बोलत राहिली, आणि मी तिच्या नजरेला नजर न देता घड्या घालत राहिले. काल मला सोसवेना. म्हटलं, मी तिला सगळं लिहून कळवते. तर ती पिशवी उचलत म्हणाली, "नका ताई. अप्पा गेले, आम्ही चाललो. तिला आता या गावात तुमचंच एक घर आहे. ते तरी राहू द्या." म्हणजे तुझी मैत्रीण तुला उरावी म्हणून ही बाई दोन वर्षं तुझे टोमणे, तुझा अबोला खात राहिली. मी तिला धड माफीही मागू शकले नाही, रडतच बसले. म्हणून तिचं न ऐकता लिहितेय. ती दोन पत्रं फोड. त्यांत माझं नाव नसणार, मला खात्री आहे, म्हणून ते मी इथे लिहिलं. तिचा नंबर तोच आहे. शुक्रवारच्या आत तिला फोन कर. मला काय बोलायचं ते त्यानंतर बोल, आणि बोलावंसं वाटलं नाही तर तेही मी समजेन.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
बुटकी